सहाव्या मजल्यावरची आजी

नाय, मी तिची सख्खी आजी नाय, लांबची पन नाय — ते तुमचं खरं हाय, मी कुठं नाय बोलते — पन दारात उभं राहून नको बाय, आत या, समोरचे लोक दाराच्या भिंगातून बघत बसतात. चप्पल असू दे. त्या सोफ्यावर नको, तो खाली जातो, मग उठता येत नाय, खुर्ची घ्या. हे पानी घ्या, माठातलं हाय. तुमी सोनमची आई, हे मी बघितल्या बघितल्या ओळखलं — कपाळ तेच, आनि राग आला की खालचा ओठ दातात धरायचा, ते पन तेच. काल शाळेनं बोलावलं ना तुमाला? कंपनीतून अर्धा दिवस टाकून गेल्या असाल. आनि तिथं मॅडम बोलल्या असतील, ही पोरगी टॉवरमध्ये ऱ्हाते, आजीकडं, सहाव्या मजल्यावर, मग आमच्याकडं तळवलीचा पत्ता कसा. अख्ख्या शाळेला माहीत, व्हॅनवाल्याला माहीत, खालच्या वॉचमनला माहीत, आनि एकट्या आईला नाय माहीत. मला समजतं हो कसं वाटलं असेल. — नाय समजत? बरं. नाय समजत. तुमी बोलता तसं.

पन मी तिला फूस नाय लावली, ते पहिलं सांगते. ती आपल्या पायानं आली. दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली होती, मी इथंच खाली बसले होते, करंदी सोलत. दार उघडं. माझं दार उघडंच असतं — गावात आमची दारं कधी लागली नाय, दिवसा दार लावलं की शेजारी बघायला यायचे, घरात काय झालं म्हनून — इथं उलटं, इथं दार उघडं दिसलं की सेक्रेटरी येतो. आजी, मच्छीचा वास पॅसेजमध्ये येतो. मी बोलले, बाबा, हा प्लॉट आमचा, सरकारनं शेती घेतली त्याच्या बदल्यात, साडेबारा टक्क्यात आमाला मिळालेला, आमी दिला तवा बिल्डर आला, बिल्डर आला म्हनून तू आलास. तो हसला. हसला आनि गेला, आनि तवापासून लिफ्टमध्ये कोनी माझ्याशी बोलत नाय, सगळे मोबाईलमध्ये बघतात. जाऊ दे. तर मी करंदी सोलतेय, लिफ्टचं दार वाजलं, आनि एक पोरगी आत आली — सरळ आत — बूट काढले, दप्तर त्या कोपऱ्यात टाकलं, जशी रोजची, आनि बोलते, आजी, मी आले.

मी वर बघितलं. तोंड घामानं भिजलेलं आनि ओठ पांढरे पडलेले. आनि तिच्या मागं तिघं उभी, ह्याच टॉवरमधली — अकराव्या मजल्यावरची पायल, तो चौदाव्याचा रोहन, आनि एक चष्मेवाली, तिचं नाव मला अजून माहीत नाय. आत नाय आली. मॅटवर उभी राहून बघतायत. ती पायल मला बोलते, आंटी, ये आपकी ग्रँडडॉटर है? हसत बोलते. त्या हसन्यात काय होतं ते सांगता नाय येनार, पन मला ते हसनं माहीत होतं, तो सेक्रेटरी हसला होता ना, तेच. आनि मी काय बोलले? मी बोलले, हां, मेरी नात है, और किसकी है? आनि हिला बोलले — नाव तर मला माहीत नाय — बोलले, ए पोरी, पहिले हात धू, बाहेरून आलीस. ती निघाली हात धुवायला, आनि बाथरूम कुठं ते हिला माहीत नाय, चालली बेडरूमकडं. मी आपली डोळ्यानं दाखवते, तिकडं, तिकडं. ती तिघं थोडा वेळ थांबली. मग गेली.

आनि ही बाहेरच येईना. नळ चालू, पानी वाहतंय. मी जाऊन बघते तर नळाखाली दोन्ही हात धरून उभी. बोलते, आजी सॉरी, मी जाते. मी बोलले, जाशील गो, पहिले खा. तिनं खाल्लं बाय. भाकरी आनि करंदी. असं खाल्लं — ह्या घरात कोनी जेवलेलं मी किती दिवसांनी बघत होते. माझं मी उभ्यानं खाते, ओट्यापाशीच, ताट कोनासाठी घ्यायचं.

मग तिनं सांगितलं. तुमाला नाय सांगितलं तिनं, माहीत हाय मला. ती बोलायची, आईला कळलं तर आई शाळेत जाऊन भांडनार, भांडली की ते मला अजून त्रास देनार, आनि नाय भांडली तर घरी बसून रडनार, त्यापेक्षा नको. तिला ती फुकट सीट लागली तवा तुमी अख्ख्या गल्लीत पेढे वाटले ना? ते पन सांगितलं तिनं. पेढे वाटले म्हनूनच ती गप्प राहिली, असं मला वाटतं — नाय नाय, तुमचं चुकलं असं नाय बोलत मी. मी पन वाटले असते.

झालं काय, ती पाचवीत होती तवा पुस्तकं वाटायला कोन बाई वर्गात आल्या आनि बोलल्या, आरटीईवाले उभे राहा. ही उभी राहिली, अजून दोघं उभी राहिली. बस, एवढंच. त्या बाईंच्या मनात काय नसेल. पन दुसऱ्या दिवसापासून पोरीचं नाव गेलं. फ्री. ए फ्री, इकडं ये. ए फ्री, सरक. डब्यातलं उष्टं उरलं की हिच्या बाकावर आनून ठेवायचं, घे, फ्री हाय. आनि तिचा हात कोनाला लागला तर त्यानं धावत नळावर जाऊन हात धुवायचा, असा त्यांचा खेळ, सगळ्यात शेवटी पोचेल त्याच्यावर राज्य. हे ती मला सांगत होती भाकरी मोडता मोडता, जसं कोनी दुसऱ्याचं सांगतं. तुमी पेला खाली ठेवला. हां. तो हात धुवायचा खेळ तुमाला नवीन नाय. तुमच्या घरात भिंतीवर कोनाची तसबीर हाय, आनि एप्रिलमध्ये कुठल्या दिवशी तिला हार घालता, ते सांगितलंय तिनं मला.

आनि व्हॅनमध्ये तर — तिथं मोठं मानूस कोन नाय, ड्रायव्हर गानी लावून बसतो. सगळी पोरं टॉवरच्या गेटवर उतरायची आनि ही शेवटी, नाक्यावर, त्या पंक्चरवाल्याच्या टपरीपाशी. रोज विचारायचे, तू टायरमध्ये झोपतेस काय गो. एक दिवस ही बोलून गेली, आमी शिफ्ट झालो, तुमच्याच टॉवरमध्ये, सहाव्या मजल्यावर, आजीकडं. का बोलली ते तिला पन माहीत नाय. तोंडातून गेलं. मग काय, चल दाखव. ही उतरली, लिफ्टमध्ये चढली, ते मागं. सहा नंबर दाबला. वर आली तर चार दारं, तीन बंद. अशी आली ती माझ्याकडं. तुमी सांगा, त्या पोरीला मी काय बोलायला पायजे होतं? ही माझी कोन नाय, घेऊन जा हिला? तुमी बोलल्या असत्या तसं?

— हां, पहिल्या दिवशीचं ठीक हाय, असं बोलताय. मग पुढं का. दुसऱ्या दिवशी परत आली ती. मी नाय बोलावलं. म्हन्जे — बोलावलं. निघताना मी बोलले होते, उद्या पन इथंच उतर, नायतर त्यांना समजेल. पोरीच्या भल्यासाठीच बोलले. मग ते रोजचंच झालं. व्हॅन थांबायची, ही वर यायची, जेवायची, ह्या टेबलावर अभ्यास करायची, मग ती वरची पोरं ट्यूशनला गेली की पार्किंगमधून मागच्या गेटनं निघायची, चालत तळवलीला. तुमी कंपनीतून यायच्या आत घरात. गल्लीतलं कोन बोललं, उशिरा येते, तर तुमाला एक्स्ट्रा क्लास सांगायची ना? ते मी नाय शिकवलं. ती बोलली आईला काय सांगू, मी बोलले सांग कायतरी, पाचवीला अभ्यास जास्त असतो. त्याला शिकवनं बोलतात काय?

मी तळवलीचीच हो. हो, त्याच तळवलीची. लग्न होऊन आले तवा तुमी ऱ्हाता ती चाळ नव्हती, तिथं पेंढ्याची उडवी असायची. धर्मराज, माझे मालक, ते गेले, मग मिथुन बोलला — माझा मुलगा — आई, गावातलं घर पाडून रूम काढू, भाड्यानं देऊ, तू टॉवरमध्ये ऱ्हा, लिफ्ट हाय, चोवीस तास पानी हाय. तो ऱ्हातो पनवेलकडं, बंगला हाय. येतो कधी कधी. फोन करतो, आई बिल भरलं काय, गोळ्या घेतल्या काय. मी हो बोलले की ठेवला फोन. मी तिकडं गेले तर सून चांगली वागते, खोटं कशाला बोलू, एसी लावून देते, टीव्ही लावून देते, आनि दार ओढून घेते. गावात न्या मला बोलले तर मिथुन बोलतो, तिथं आता काय हाय आई, सगळे भाडोत्री. तर सोनम यायची, मी तिला विचारायची, गावदेवीच्या मागची विहीर हाय का बुजवली? चांगुनाबाई अजून ओट्यावर बसते काय, तिचा आवाज अजून तसाच हाय काय? ती सांगायची. बसते, आजी, सगळ्यांना शिव्या घालते. खरं सांगायची का माझं मन राखायला, माहीत नाय. चांगुनाबाई हाय ना? — कधी? गेल्या पावसाळ्यातच? — बरं.

बरं.

नाय, काय नाय. पानी नको मला. कोनी कळवलं नाय, एवढंच. सोनम तर गेल्या आठवड्यापर्यंत सांगत होती शिव्या घालते म्हनून.

तर ते शाळेचं. एका दिवसात बदललं सगळं, बाय. मी विचार करते, पोरगी तीच, डबा तोच, हात तेच. फक्त ती ह्या लिफ्टमधून वर गेली. त्या पायलनं तिला आपल्या बाकावर बसवलं. फ्री कोनी बोलेना. फुकटच्या सीटचं विचारलं तर ही बोलली, ते चुकून झालं होतं, आता आमी फी भरतो. वाढदिवसाला बोलावलं पायलनं, अकराव्या मजल्यावर. आता जायचं म्हन्जे तसा ड्रेस पायजे, गिफ्ट पायजे. मी घेतलं. मॉलमध्ये गेलो आमी दोघी, रिक्षानं, ती मला सरकत्या जिन्यावर हात धरून नेत होती, आजी, पाय उचल, आता उचल. ती काउंटरवाली बोलली, नात तुमच्यावर गेली. आमी दोघी हसलो. — तो ड्रेस तुमच्याकडं नाय. इथं हाय, आतल्या कपाटात. एक खन तिचाच हाय. दोन-चार ड्रेस, बूट, ती मोठी पान्याची बाटली सगळ्यांकडं असते तशी, एक रात्रीचा गाऊन पन — नाय, रात्री कधी राहिली नाय ती, आपला घेऊन ठेवला. कधी राहिली तर. असं काय बघताय? पोरीचं केलं म्हनून मी काय तिला तुमच्यापासून तोडली काय? ती रोज घरी येत होती की. युनिफॉर्मवरच येत होती.

मग जूनमध्ये ती उन्नती आली. तुमाला माहीत हाय, तुमच्याच गल्लीतली, नळापाशीची, बाप उरनला कंटेनर यार्डात जातो. तिची पन तशीच फुकटची सीट, पहिली शाळा बंद पडली म्हनून इकडं पाठवली, हिच्याच वर्गात आली. पहिल्याच दिवशी तिनं हिला बघितलं आनि खूश झाली, ओळखीचं कोनतरी भेटलं, दुसरं काय, आनि सगळ्यांसमोर बोलली, अगो सोनम, तू पन इथं? आमी एकाच गल्लीत ऱ्हातो, असं बोलली त्या पायलला. सोनम त्या दिवशी वर आली तर जेवली नाय. मी बोलले, तू सांग ना, ती खोटं बोलते. — हां, मी बोलले. मग काय सांगायला पायजे होतं? एवढं सगळं झाल्यावर? तिला परत त्या नळापाशी हात धुवायला सोडू?

ती खोटं बोलते, एवढंच मी सांगितलेलं. पुढचं सोनमनं आपल्या मनानं केलं. ती बोलली, हिच्या अंगाला वास येतो, ही काय पन बोलते. झालं. पोरांना तेवढंच पायजे होतं. आनि पायल नाय, रोहन नाय — सोनमच पुढं. उन्नतीला फ्री बोलायला सोनमनंच सुरुवात केली. नळावर धावायला सगळ्यात पहिली सोनम. ती मला इथं बसून सांगायची, आजी, आज काय मजा झाली, उन्नतीनं माझी पेन्सिल उचलून दिली तर मी ती तिच्यासमोर डस्टबिनमध्ये टाकली. आनि हसायची. तिचं हसनं ऐकून मला — कसं सांगू — दारातल्या त्या पोरांसारखं वाटायचं ते. पन मी पन हसले असेन. ती हसते म्हनून. दिवसभर ह्या घरात आवाज नसतो बाय, कोनी हसलं की आपन हसतो.

तुमी असं नका बघू. तुमची पोरगी वाईट नाय. मी रोज बघत होते ना. पुस्तकात डोकं घालून बसायची आनि पाच-पाच मिनिटं पान उलटायची नाय. एकदा मी बोलले, सोडून दे त्या उन्नतीला. तर बोलते, आजी, मी सोडलं तर ती परत बोलनार, आनि तिचं कोनी ऐकलं तर मी कुठं जाऊ? सहावीतली पोरगी. माझ्याकडं ये, एवढंच मला सुचलं.

ती उन्नती पन आली होती इथं. हो, वर. सोनम तवा पायलकडं गेली होती खेळायला. मी भाजी निवडत होते. ती त्या मॅटवर उभी राहिली, आत नाय आली, बूट पन काढले नाय — घालायचे काय काढायचे, तेच तिला समजेना. तिच्या दप्तरावर पेनानं कायतरी लिहिलेलं, मला इंग्लिश वाचता येत नाय. बोलली, आजी, सोनम तुमची नात नाय ना? ती आमच्या गल्लीतली हाय ना? मी कोनाला नाय सांगनार तिचं, शप्पथ, पन तुमी पायलला फक्त एवढं सांगा, की उन्नती खोटं नाय बोलली. मग त्या मला सोडतील. असं बोलली, हात जोडून. रडत पन नव्हती. मी बोलले, सोनम माझीच नात हाय. तू कोन? कुठल्या गेटनं आलीस? वॉचमनला बोलावू? ती गेली. लिफ्टनं नाय, जिन्यानं गेली, मी पाय ऐकले तिचे खालपर्यंत. मग मी दार लावलं. इथं ऱ्हायला आल्यापासून दिवसा पहिल्यांदा लावलं.

हे तुमाला माहीत नव्हतं. तिनं घरी नाय सांगितलं? तिच्या आईला पन नाय? — मला वाटलं तुमाला माहीत असेल, म्हनून बोलले. मी सोनमला वाचवायला केलं हो. माझी काय दुश्मनी हाय त्या पोरीशी? सोनमसाठीच केलं. ती गेली असती तर — तिचं सगळं उघडं पडलं असतं तर ती इथं कशाला आली असती?

तो सेंट? तो माझाच. म्हन्जे सुनेनं ठेवलेला, बाथरूमात, फॉरेनचा, मी कधी मारला नाय. सोनम बोलली, आजी, हा घेऊ? मी बोलले, घे. काय करायचाय ते मी नाय विचारलं. विचारलं — नाय, तिनंच सांगितलं, उन्नतीवर मारायचा, वास जायला, व्हॅनमध्ये सगळे मारतात, गंमत. पोरं अंगावर सेंट मारतात, त्यात काय होतं, असं मला वाटलं. परवा रोहननं तिचे हात धरले आनि पायलनं डोकं मागं ओढलं आनि सोनमनं मारला. तोंडावर. एवढ्या जवळून. मग ती पोरगी ओरडायला लागली तरी ड्रायव्हरनं गाडी थांबवली नाय, गानी चालू होती. हे मला वॉचमननं सांगितलं. सोनम वर नाय आली. मी जेवन झाकून ठेवलं, वाट बघितली, गॅलरीतून बघितलं. नाय आली. काल पन नाय आली.

आनि आता शाळा बोलते, हिला घरी बसवा. त्या पायलला नाय बसवलं? रोहनला? — त्यांचे आई-बाप वकील घेऊन आले. आनि ते बोलले, आमच्या पोरांना ह्या मुलीनं फसवलं, पत्ता खोटा सांगितला, अशा मुली शाळेत आल्या की असंच होतं. असं बोलले? तुमच्यासमोर? — म्हन्जे सगळं फिरून परत हिच्यावर. हिच्यावर आनि त्या दुसरीवर. दोघी एका गल्लीतल्या.

ऐका माझं. रागवू नका, पूर्न ऐका. दुसरी शाळा बघू आपन. सीवूड्सकडं, नेरूळला, जिथं कोनी ओळखत नाय. फी मी भरते. माझ्याकडं पडून हाय सगळं, कोनासाठी ठेवायचं, मिथुनला कमी नाय. फुकटची सीट नको, खरी फी, मग कोन काय बोलतंय बघू. आनि पत्ता इथला द्यायचा. खरोखरचा. ती इथं ऱ्हाईल, तुमी रविवारी या, सनाला या, तुमी पन या हवं तर ऱ्हायला, खोल्या रिकाम्या हायत — तुमाला पन बरं, ती चाळीतली एक खोली, तुमची कंपनी, पोरीकडं बघायला वेळ कुठं हाय तुमाला — नाय, मला तसं नव्हतं बोलायचं. बसा ना. बसा. चुकून गेलं तोंडातून. तुमीच तिला वाढवली, माहीत हाय मला. तिला भाकरी मोडून दुधात लागते, ते तुमीच लावलेलं. मी बोलते ते खोटं नाय हो, मी तिच्यासाठी — बरं. नको. तुमची पोरगी हाय. नगरपालिकेच्या शाळेत घालनार? घाला. चांगलीच हाय ती पन.

ड्रेस न्या तेवढे. पिशवीत घालून देते. — नको. बरं.

निघाल्या? उन्नतीकडं जाताय. सोनमला घेऊन. माफी मागायला — हां, ते बरोबर, ते करायलाच पायजे. सोनम कुठं हाय? खाली? खाली गेटवर उभी हाय? मग तिला वर नाय आनलं? — ती नाय बोलली. मी वर नाय येनार, असं बोलली. तिच्या तोंडानं. — उन्हात उभी हाय मग. मी गॅलरीतून बघू काय, नुसतं बघते, हाक नाय मारत. नको? बरं, नाय बघत.

एक विचारू? त्या पोरीचा डोळा. — पट्टी हाय अजून. वाशीच्या डॉक्टरनं काय सांगितलं? — पट्टी सोडल्यावर कळेल. हां. मला विचारायचंच होतं. तुमी आल्या तवाच विचारायचं होतं.

काय बोललात? मी? मी पन चालू? तुमच्याबरोबर, तळवलीला? — तिला सांगायला. की तू खरं बोलत होतीस. माझ्या तोंडानं. — थांबा, थांबा हां, लुगडं बदलते, हे मळकं हाय, दोन मिनिटं, चष्मा कुठं ठेवला मी. रिक्षा घेऊ, मी देते पैसे, तुमी नका देऊ. किती वर्षांनी चाललेय मी गावात. गावदेवीवरून जाऊ, त्या बाजूनं. तिथं सगळे ओळखतात मला — धर्मराजची बायको आली बोलतील, ओट्यावरनं उठून येतील, कधी आलीस, ऱ्हातेस कुठं, कोनाकडं आलीस —

कोनाकडं आले सांगू?

ती मला आजी बोलली होती बाय. त्या मॅटवर उभी राहून. मी तिला वॉचमनला बोलावू बोलले. आता ती एका डोळ्याला पट्टी लावून बसली असेल आनि मी आत जाऊन — तिची आई पानी आनून देईल मला, आजी बसा बोलेल, नाय देनार काय, आपल्या गावात कोन आलं तर पानी देतात — आनि ती पोरगी त्या एका डोळ्यानं माझ्याकडं —

नाय हो. नाय होनार ते. गुडघे पन दुखतायत आज सकाळपासून, जिना चढायला नाय जमनार मला. तुमच्या गल्लीत जिना नाय? नसू दे. तुमी व्हा पुढं. पोरगी कधीची उभी हाय. — नाय, तिला काय सांगू नका. त्या दोघींपैकी कोनाला पन नको. माझं नाव नका काढू.

डावीकडची लिफ्ट बंद हाय, उजवी घ्या. जा तुमी.